काळ्या जिभेचे इमामभाई

आमच्या दवाखान्यात येणारे पेशंट डॉक्टरला भीत नसत, सुईला भीत नसत. भीत ते इमामभाईंना. "काळ्या जिभेचा माणूस हाय," असं म्हणत. "डोळा गेला म्हनला की गेलाच म्हणून समजा." बाया तर मला दाराआड घेऊन हात जोडत, "बाई, काय असंल ते तुमीच सांगा. त्यांना नका बोलू देऊ." आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं पटायचं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात "हा डोळा आता येणार नाही" म्हणून सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली. आमच्याकडे कुणी काहीही मागायला आलं तरी "आई करील सगळं नीट" एवढं तरी म्हणून पाठवायची रीत होती. विधवा झाल्यावर सोलापूरला नर्सिंग शिकले, माहेरानं माझं नाव टाकलं, आणि पोटासाठी मी धाराशिवला आले. जीभ माझीही तिखटच. त्यामुळे इमामभाईंचं नि माझं पहिल्या आठवड्यातच वाजलं.

गाव आमचं धाराशिव, सरकारी कागदावर उस्मानाबाद. निजामाचं राज्य. दवाखाना धर्मादाय होता, आणि त्यातल्या मागच्या दोन खोल्या नि एक पडवी डोळ्यांच्या आजारासाठी. डॉक्टर हैद्राबादचे. हात सोन्याचा, पण उर्दू आणि इंग्रजीपलीकडे शब्द कळत नसे. पेशंट बेंबळीचे, भूमचे, लोहाऱ्याचे. त्यांना उर्दूतलं "सरकार" आणि "हुजूर" सोडून काही कळत नसे. मध्ये इमामभाई. नोकरी कंपाउंडरची, म्हणजे औषधं कालवण्याची. पण सगळा दिवस जायचा बोलण्यात. उंच, वाळलेले, खाकी कोटाच्या दोन्ही खिशांत कापसाचे बोळे, आणि पेशंट खाली बसला असेल तर आपणही उकिडवे बसणार. वयाच्या पन्नाशीत गुडघे कुरकुरायचे, पण उभ्यानं बोलले नाहीत कधी. बायको वारलेली, मुलगी हैद्राबादला दिलेली. घर म्हणायचं तर दवाखानाच.

डॉक्टर दोन शब्द बोलत आणि इमामभाई ते दहा मिनिटं सांगत. डॉक्टर चिडत. "मैंने दो लफ़्ज़ कहे, तुम पूरी दास्तान सुना रहे हो," म्हणत. इमामभाई मान खाली घालून ऐकून घेत आणि पुन्हा पेशंटकडे वळून दास्तान पुढं चालू करत. सांगून झालं की म्हणत, "आता तुमी मला सांगा. मी काय सांगितलं?" पेशंटला ते सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पडवीत रांग खोळंबलेली, उन्हं चढलेली, आणि हे आपले तिसऱ्यांदा सांगतायत की थेंब डोळ्यात घालायचेत, पाण्यात घालून प्यायचे नाहीत.

आमच्याकडच्या माणसांना एक खोड आहे. साहेबानं काहीही विचारलं तरी "व्हय" म्हणायचं. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. डॉक्टर तीन बोटं धरून विचारत, "दिखता है?" पेशंट म्हणे, "व्हय साहेब." डॉक्टर कागदावर लिहीत, दिसतं. मी आले त्याच महिन्यात एका म्हाताऱ्याचा असाच कागद तयार झाला. इमामभाईंनी तो हातात घेतला, म्हाताऱ्यापुढं उकिडवे बसले आणि विचारलं, "बाबा, तुमच्या म्होरं म्हैस हुबी हाय नव्हं?" म्हातारा म्हणाला, "व्हय." "पांढरी हाय का?" "व्हय, पांढरीच की." पुढं नुसती भिंत होती. इमामभाईंनी ते उर्दूत सांगितलं तेव्हा डॉक्टर हसले, मग कागदावरचं खोडलं. त्या दिवसापासून इमामभाईंनी त्यांना एक मराठी वाक्य पाठ करायला लावलं. दिसतं का विचारायचं नाही, काय दिसतं ते विचारायचं. डॉक्टरला शिकवणारा कंपाउंडर मी पहिल्यांदाच बघत होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तेव्हा आठ-दहा दिवस पेशंटला उताणं निजवून ठेवावं लागे. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, तंबाखू नाही. आणि ह्या लोकांची सवय होती सुईवाल्याची. जत्रेत फिरणारा सुईवाला डोळ्यात सुई खुपसून मोती मागं ढकलायचा आणि तिथल्या तिथं बोटं दाखवायचा. "किती?" "दोन." झालं काम. महिन्या-दोन महिन्यांनी डोळा पू होऊन जायचा तेव्हा सुईवाला चार तालुके पलीकडे गेलेला असायचा. पण दिसलं होतं ना? मग आमच्याकडे दहा दिवस अंधार कशापायी? भूमच्या एका म्हातारीच्या लेकानं तिसऱ्या दिवशी हळूच पट्टी वर केली. आईला नातीचं तोंड दाखवायला. म्हातारीला नात दिसली, असं ती शेवटपर्यंत सांगायची. डोळा मात्र गेला.

त्यानंतर इमामभाईंनी नवीनच सुरू केलं. पेशंटबरोबर जो कोणी सोबतीला येईल, लेक असो, सून असो, त्याच्याच डोळ्यांना आधी पट्टी बांधायची आणि बाकावर बसवून ठेवायचं. सकाळभर. एकदा एका पाटलाला बांधली. पाटील मिशीला पीळ देत बसले, नि थोड्या वेळानं म्हणाले, "तास झाला असंल की आता." इमामभाई शेजारच्या खाटेवरून म्हणाले, "न्हाय पाटील, चहा बी ऊन हाय अजून." पाटलानं मला शिव्या दिल्या, दवाखान्याला दिल्या, निजामालाही हळू आवाजात दिल्या. पण पट्टी सुटल्यावर आईच्या खाटेपाशी जो बसला तो दहा दिवस उठला नाही. तिला पाणी पाजताना मान हलू नये म्हणून स्वतः चमचा धरायचा.

एवढं सगळं समजावणारा माणूस वाईट बातमी मात्र दगड मारावा तशी का मारतो, हे मला कळत नव्हतं. मी एकदा भांडलेच. म्हटलं, "थोडी आशा दिली तर तुमच्या बापाचं काय जातं?" ते म्हणाले, "माझं काय जात न्हाय बाई. जायचं ते त्यांचंच जातं." आणि मग त्यांनी गोदाची गोष्ट सांगितली. मी यायच्या आधीची होती ती.

गोदा बेंबळीच्या सुताराची लेक. तिशीच्या आतली, नवऱ्यानं टाकलेली, भावाकडं राहायची. काचबिंदूनं तिचा डावा डोळा गेलेला होता आणि उजव्यात निम्मी नजर उरली होती. डॉक्टर म्हणाले, डावा संपला, उजव्याचं ऑपरेशन आजच्या आज करा, नाहीतर तोही जाईल. आता काचबिंदूच्या ऑपरेशनची गंमत अशी की त्यानं नजर वाढत नाही. आहे तेवढी राखली जाते. हे गोदाला सांगायचं काम इमामभाईंचं. त्या काळी त्यांची जीभ गोड होती, अख्ख्या तालुक्यात तिचं नाव होतं. त्यांनी विचार केला, डावा गेला म्हणून सांगितलं तर ही बाई धीर सोडून उठून जाईल. म्हणून म्हणाले, "आधी उजवा करू बेटा, मग डावाही बघू. सगळं ठीक होईल." गोदा हसत हसत टेबलावर निजली. ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुटली तेव्हा उजव्यानं पहिल्याएवढंच दिसत होतं, वर थोडं धूसर. डावा काळाच. गोदाला वाटलं, फसवलं आपल्याला. सगळं ठीक होणार होतं ना? घरच्यांनी पुढच्या जत्रेत तिला सुईवाल्याकडे नेलं, आणि त्यानं त्याच राखलेल्या डोळ्यात सुई घातली.

"राखलेली नजर राखलेली आहे, एवढंच तिला सांगायचं होतं बाई," इमामभाई म्हणाले. "मी न्हाय सांगितलं. मला वाटलं, मी तिच्यावर मेहरबानी करतोय."

मनातून मला ते पटलं नव्हतं. एका चुकीपायी जन्मभर सगळ्यांना कडू घोट पाजायचा, हा कुठला न्याय, असंच वाटत होतं.

त्याच उन्हाळ्यात गोदा आली. दोन्ही डोळे गेलेली, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. डोळ्यातला ठणका थांबत नव्हता म्हणून आली होती. भाऊ नागनाथ, अंगानं दणकट, बोलण्यात तुटक. औषध बांधून घेताना तो सहज म्हणाला, "दिव्याभवती रंगाची कडी दिसत्यात आताशा. जागरनानं असंल." इमामभाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. काचबिंदू घराण्यात उतरतो, आणि दिव्याभोवती कडी दिसणं हे त्याचं पहिलं बोलणं. त्यांनी नागनाथला तिथंच खाली बसवलं आणि सरळ सांगितलं, "तुला बहिनीचाच आजार हाय. आज ऑपरेशन केलं तर हाय एवढी नजर राहील. जास्ती येनार न्हाय. न्हाय केलं तर दोन्ही डोळे जातील."

नागनाथनं त्यांच्याकडं पाहिलं. "एकडाव ऐकलं तुमचं," एवढंच म्हणाला आणि बहिणीला घेऊन गेला.

त्या दिवसापासून इमामभाईंच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. नागनाथचे डोळे. दर जुम्म्याला सुट्टी घेऊन सायकलवर बेंबळीला जायचे, सुताराच्या दारात रंध्याच्या भुग्यात उकिडवे बसायचे आणि तेच तेच सांगायचे. पाणी कुणी विचारायचं नाही. नागनाथ पाठ फिरवून करवत चालवायचा. एकदा मी म्हटलं, "अहो, गोड बोलून आणा ना त्याला. बरं होईल म्हणा. एकदा टेबलावर निजला की झालं." ते म्हणाले, "गोड बोलून आनलेला पेशंट गोड बोलनाऱ्याकडंच परत जातो बाई. सुईवाला माझ्यापेक्षा गोड बोलतो."

एका जुम्म्याला त्यांनी गोदाला सगळं सांगून टाकलं. मी तुझ्याशी खोटं बोललो, तुझा डावा तेव्हाच गेला होता, उजवा ऑपरेशननं राहिला होता. गोदानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि तासभर रडली. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला. परत आल्यावर हे इमामभाईंनी मला लहान मुलासारखं दोनदा सांगितलं. त्या घरात एक माणूस आपलं ऐकतं, एवढंच त्यांना मिळालं होतं. नागनाथ अजून पाठ फिरवूनच होता.

मग दिवस फिरले. आधी रझाकारांच्या भीतीनं खेड्यातले पेशंट यायचे बंद झाले. मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीतीनं फक्त घर बदललं. आता मुसलमान माणसं बाहेर पडेनात. डॉक्टर एका सकाळी हैद्राबादला निघून गेले ते गेलेच. इमामभाईंना मी मागच्या औषधांच्या कोठीत ठेवलं होतं, दाराला बाहेरून कुलूप लावून. आत बसून ते बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत. गावात काय चाललंय ते मी त्यांना सांगत नसे. ते विचारत, "कोन गेलं?" मी म्हणे, "सगळं शांत आहे." त्यांना माझं खोटं कळत असे. एवढ्या एकाच बाबतीत त्यांनी माझं चालवून घेतलं.

आणि अशा दिवसांत, भर दुपारी, गोदा भावाला घेऊन आली. या खेपेला हात तिनं धरला होता. नागनाथचा उजवा डोळा लालभडक, ओकाऱ्या होत होत्या, डोकं भिंतीवर आपटावं असं दुखत होतं. डाव्यालाही धूर दिसत होता. "दादा तयार झालाय," ती म्हणाली. "म्याच वाट दावली. करा काय करायचं ते."

मी कुलूप काढलं. इमामभाईंनी डोळे पाहिले, आणि मी जे तोंडावर आणू शकत नव्हते ते त्यांनी सांगितलं. "डॉक्टर न्हाईत. इथं काही होनार न्हाय. सोलापूरला जावा, आज, आत्ता. उजवा जाईल. डावा पोचलात तर राहील." मग थेंबांची बाटली उचलली आणि कोट चढवला. वाटेत घटकेघटकेला थेंब घालावे लागणार होते. मी म्हटलं, मी जाते. त्यांनी विचारलं, पुढच्या खोलीतल्या बाळंतिणींपाशी कोण थांबणार? आणि सोलापूरचा डॉक्टर काहीतरी बोलेल, ते ह्याच्या डोक्यात कोण उतरवणार?

"तुम्ही तुळजापूरही ओलांडणार नाही," मी म्हटलं. मी रडत होते, रागानं. गोदा म्हणाली, "आमचे मामा म्हनून चला. सुतारच म्हनू. तुमी बोलू नका, आमी बोलतो." खोटं बोलणं सोडलेल्या ह्या माणसानं टोपी काढून माझ्या हातात दिली. नागनाथनं आपलं मुंडासं त्यांच्या डोक्याला गुंडाळलं, मी देवीचं कुंकू लावलं. त्यांनी मान पुढं केली, मुकाट्यानं. गाडी निघाली तेव्हा ते नागनाथचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्याच्या डोळ्यात थेंब घालत होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

पुढचे वीस-बावीस दिवस मी दाराकडे बघत काढले. मनाशी पक्कं केलं होतं की सोलापूरहूनच ते रेल्वेनं मुलीकडे हैद्राबादला गेले असणार. शहाणा माणूस तेच करील. कुणी विचारलं तर मी तसंच सांगत होते.

मग एका सकाळी गोदा नि नागनाथ आले. नागनाथच्या उजव्या डोळ्यावर कापूस होता, पण पडवीची पायरी तो स्वतः चढला. डावा राहिला होता. मी आनंदानं पुढं झाले. गोदा उभ्या उभ्याच बोलली.

"बाई, इमामभाई न्हाईत. त्यांची वाट बघू नका."

मी म्हटलं, "हैद्राबादला गेले असतील गं."

"न्हाय. आमच्यासंगंच परत निघाले हुते. आता वातावरन निवळलंय म्हनले. तुळजापूरच्या अलीकडं गाडी थांबली. मला वाटलं बैलं पानी प्याया थांबली. कुनी बोलंना. लई वेळ कुनीच बोलंना, मला भ्या वाटलं. म्या हाक मारली, 'इमामभाई, कुठं हाव?'" ती थांबली. "मानसं हुबी हुती बाई, गाडीला वेढा घालून; बोलायचं न्हाय म्हनून दादाला बोट दावलेलं, त्यानंच मागनं सांगितलं. दादा त्यांना सांगतच हुता मामा हायेत म्हनून, खुनेनं. मला काय दिसतंय? म्या नाव घेतलं. म्याच घेतलं."

नागनाथ बाकावर बसला होता. तो पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलला. पट्टी सुटून चार दिवस झाले होते, म्हणाला, लांबचं धूसर होतं, पण जवळचं स्वच्छ दिसत होतं. इमामभाई कुणी ओढायच्या आधी स्वतःच खाली उतरले. थेंबांची बाटली गोदाच्या ओटीत ठेवली. "दिवसातनं चार वेळा," एवढं सांगितलं. आणि त्या माणसांच्या मधून ज्वारीच्या शेतात चालत गेले. ज्वारी डोक्याच्या वर होती. ताटांमधून थोडा वेळ मुंडासं दिसलं, मग तेही दिसेना.

मी भिंतीला टेकून खाली बसले. गोदा आवाजाच्या अदमासानं माझ्यापाशी आली, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाई, समदे म्हनत्यात माजी चूक न्हाय. तुमी तरी खरं सांगा. म्या नाव घेतलं नसतं तर ते वाचले असते का?"

माझ्या जिभेवर सगळी गोड वाक्यं आली. आई करील सगळं नीट, तुझा काय दोष, त्यांचं मरण तिथंच लिहिलेलं. आयुष्यभर मी तीच वाटत आले होते. मी तिचा हात धरला.

"वाचले असते, गोदा," मी म्हटलं. "कदाचित वाचले असते. तुझ्याच तोंडून नाव गेलं. आणि तुला ती माणसं दिसत नव्हती."

ती ओरडली नाही. तिच्या हाताची पकड तेवढी घट्ट होत गेली. मग म्हणाली, "व्हय. असंच हाय ते." आणि ओटीतली बाटली काढून तिनं भावाला हाक मारली, त्याच्या थेंबांची वेळ झाली होती.